जॅक लंडन आणि त्याचा बक

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या इंग्रजी कादंबरीची एक जुनी प्रत आहे. या नांवाचा अर्थ रानाची हांक असा करतां येईल. प्रतीची बांधणी दोन वेळां उसवली व दोन वेळां पुन्हा शिवली गेली. पहिलें पान तर केव्हांच नाहींसें झालें. आम्हीं ती प्रथम विद्यार्थिदशेंत वाचली, आणि शिक्षक झाल्यापासून दरवर्षीं वरच्या वर्गास तींतील कांहीं भाग वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ आहे. गेल्या वर्षीं मात्र पुस्तक उघडतांच एक विद्यार्थी उभा राहिला, व आपण या कथेचा चित्रपट पाहिला असल्यामुळें आतां ती ऐकण्याचें कारण उरलें नाहीं, असें त्यानें सांगितलें. त्याच्या बोलण्यांत उर्मटपणा नव्हता. त्यास खरोखरच तसें वाटत होतें. म्हणून एका शनिवारीं आम्हीं तो चित्रपट सर्व वर्गासह पाहिला. त्या मुलाबरोबर त्याची पांचवींत शिकणारी बहीणही येऊन बसली होती. पडद्यावर कुत्र्यास सोट्याचा मार बसूं लागला तेव्हां तिनें डोळे झांकून घेतले, आणि त्याला खरेंच मारीत होते काय, असें मागाहून आम्हांस विचारलें. त्या दिवशीं आम्ही भावाचेंही समाधान करूं शकलों नाहीं व बहिणीचेंही नाहीं. सुटींत ग्रंथकर्त्याचें चरित्र पुन्हा चाळलें; त्यांतून जें हातीं लागलें तें या अंकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॅक लंडन याचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं झाला. आईचें नांव फ्लोरा. ज्यास त्याचा पिता समजतात त्या गृहस्थानें या मुलाशीं आपला संबंध असल्याचें अखेरपर्यंत नाकारलें. त्याच वर्षीं फ्लोरेनें जॉन लंडन नांवाच्या एका माजी सैनिकाशीं विवाह केला व मुलास त्याचें आडनांव मिळालें. तान्हेपणीं त्यास पाजलें व सांभाळलें तें व्हर्जिनिया प्रेंटिस नांवाच्या कृष्णवर्णीय बाईनें. ही बाई जन्मानें गुलाम होती. सख्ख्या आईपेक्षां या दाईचीच माया त्यास अधिक लाभली, व ती त्यानें जन्मभर विसरली नाहीं.

घरीं दारिद्र्य होतें. वर्तमानपत्रें विकून तो कुटुंबास हातभार लावी. पण ऑकलंड येथील सार्वजनिक ग्रंथालयांत इना कूलब्रिथ या विदुषी ग्रंथपाल होत्या. फाटक्या कपड्यांतील या मुलास वाचनाची भूक आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि कोणतें पुस्तक घ्यावें हें त्या स्वतः त्यास सांगूं लागल्या. याच बाईंस पुढें १९१५ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें राजकवीचा मान दिला. ज्या पालकांस मुलांचें ग्रंथालयांत जाणें म्हणजे वेळ दवडणें वाटतें त्यांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें.

शाळा सुटली आणि तो डबेबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यांत लागला. मजुरी तासास दहा सेंट, आणि दिवस कधीं बारा तासांचा तर कधीं त्याहूनही मोठा. त्यास कंटाळून त्यानें आपल्या दाईपाशीं उसने पैसे घेतले, एक लहानसें शिडाचें गलबत विकत घेतलें, व दुसऱ्यांच्या खाजणांतील कालवें रात्रीं चोरण्याचा धंदा आरंभिला! थोड्याच दिवसांनीं तो असल्या चोरांना पकडणाऱ्या सरकारी गस्तींत सामील झाला. १८९३ सालीं सीलांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी होऊन तो जपानच्या समुद्रापर्यंत जाऊन आला. परत आल्यावर पुन्हा तेच दहा सेंट, आतां तागाच्या गिरणींत. त्या वेळीं एका वर्तमानपत्रानें निबंधाची चढाओढ लावली होती. आईच्या आग्रहावरून त्यानें जपानच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या वादळाचें वर्णन लिहून पाठविलें, आणि पंचवीस डॉलरांचें पहिलें बक्षीस त्यास मिळालें.

यानंतर विजेच्या एका कारखान्यांत कोळसा ओढण्याचें काम त्यानें पतकरलें. महिन्याचे तीस डॉलर मिळत. पूर्वीं जें काम दोन माणसें करीत होतीं तें आपल्या एकट्याकडून करून घेतलें जात आहे, हें त्यास मागाहून समजलें. आमच्या मतें त्याच्या पुढील सर्व लिखाणाचें मूळ येथें आहे. जनावरास जुंपतात म्हणजे काय करतात, हें त्यानें कुत्र्यांपासून शिकण्यापूर्वीं स्वतःच्या पाठीवर शिकून घेतलें होतें. काम टाकून तो भटक्यांबरोबर देशभर हिंडला, आणि भटकेपणाच्या आरोपावरून १८९४ सालीं तीस दिवसांचा तुरुंगवासही त्यानें भोगला. तेथून सुटल्यावर त्यानें जें केलें तें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तो एकोणिसाव्या वर्षीं पुन्हा हायस्कुलांत जाऊन आपल्याहून लहान मुलांच्या शेजारीं बसला. १८९६ सालीं विद्यापीठांतही शिरला. पण पैसे नव्हते, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच तें शिक्षण संपलें.

त्याच सुमारास कॅनडाच्या वायव्येस क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यांत सोनें सांपडलें होतें. ती बातमी १८९७ च्या जुलईंत सॅन फ्रान्सिस्को बंदरीं येतांच माणसें घरदार सोडून उत्तरेस धांवूं लागलीं. २५ जुलईस जॅकही आपल्या बहिणीच्या यजमानांसह निघाला. चिलकूट घाटाची चढण पाहून मेहुणे माघारीं फिरले. जॅक पुढें गेला. कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याखेरीज कोणास हद्दींत येऊं देत नसत. त्यामुळें कित्येक मणांचें ओझें थोडथोडें करून पाठीवर वाहावें लागे, एकच वाट पुनःपुन्हा चढावी लागे. शेजारच्या व्हाइट घाटांत घोडे वापरीत. तेथें सुमारें तीन हजार घोडे उपासमारीनें, थकव्यानें व कड्यावरून कोसळून मेले, आणि त्या वाटेस मेल्या घोड्यांची वाट हेंच नांव पडलें. सोन्याच्या लोभापायीं माणसानें मुक्या प्राण्यांचे काय हाल केले हें त्या हिंवाळ्यांत सर्वांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. पाहून लिहून ठेवणारे मात्र थोडे निघाले.

डॉसन गांवीं मार्शल व लुई बाँड या बंधूंच्या झोंपडीजवळ जॅकचा कांहीं काळ मुक्काम होता. त्यांचा एक मोठा कुत्रा होता. जातीनें सेंट बर्नार्ड व मेंढपाळी कुत्रा यांचा मिश्र, आणि नांवानें योगायोगानें जॅकच. हाच कादंबरींतील बक होय. बाँड बंधूंच्या वडिलांचा सँटा क्लारा येथील प्रशस्त मळा हेंच बकचें पहिलें घर. तो हिंवाळा जॅकनें एका लांकडी झोंपडींत काढला. ताज्या अन्नाच्या अभावीं त्यास स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, दांत हालूं लागले. १८९८ च्या उन्हाळ्यांत तो उघड्या होडींतून यूकॉन नदीनें शेंकडों मैल खालीं समुद्रापर्यंत आला, आणि जहाजाच्या भट्टींत कोळसा टाकीत घरीं पोहोंचला. बरोबर आणलेलें सोनें साडेचार डॉलरांचें. पुरें एक तोळाही नाहीं!

सावत्र वडील मध्यंतरीं वारले होते. संसाराचा भार अंगावर पडला. त्यानें दिवसास हजार शब्द लिहिण्याचा नेम केला. लेख परत येत, तो ते पुन्हा दुसरीकडे पाठवी. १८९९ च्या जानेवारींत एका मासिकानें त्याची उत्तरेकडील एक गोष्ट छापून पांच डॉलर दिले. पुढच्याच वर्षीं पहिला कथासंग्रह निघाला, आणि त्यानंतर त्यास मागें पाहावें लागलें नाहीं.

१९०२ च्या अखेरीस त्यानें बकची कथा लिहावयास घेतली. तत्पूर्वीं धन्याचा जीव घेणाऱ्या एका दुष्ट कुत्र्याची गोष्ट त्यानें लिहिली होती, व त्यायोगें कुत्र्यांच्या जातीवर अन्याय झाला असें त्यास वाटत होतें. म्हणून चार हजार शब्दांची एक छोटी गोष्ट लिहून फेड करावी, एवढाच बेत होता. पण लेखणी थांबेना. बत्तीस हजार शब्द झाले तेव्हां ती थांबली. मासिकानें ७५० डॉलर दिले. प्रकाशकानें सर्व हक्कांसह २००० डॉलरांस पुस्तक विकत घेतलें. जुलई १९०३ मध्यें तें प्रसिद्ध झालें आणि दहा हजारांची पहिली आवृत्ति हातोहात खपली.

येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. कॅनडाच्या उत्तरेस आदिवासी लोकांत एगर्टन यंग नांवाचे मेथॉडिस्ट मिशनरी काम करीत असत. बर्फांत गांवोगांव जाण्यास कुत्र्यांच्या स्लेजवांचून साधन नव्हतें, आणि यंगसाहेबांचा या कुत्र्यांवर फार जीव. १९०२ सालीं त्यांनीं आपल्या कुत्र्यांविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्यांतील कित्येक प्रसंग बकच्या कथेंत आढळतात असा आरोप १९०७ सालीं लंडनवर आला. त्यानें तो लपविला नाहीं. यंग यांच्या पुस्तकापासून आपण माहिती घेतली, असें त्यानें मोकळेपणीं मान्य केलें. कर्ज घेणें व चोरी करणें यांत भेद आहे, आणि तो त्यास आतां कळत होता, असें आम्ही समजतों.

कथा थोडक्यांत अशी. न्यायाधीशाच्या मळ्यावर सुखांत वाढलेल्या बकला जुगारापायीं कर्जबाजारी झालेला माळ्याचा मदतनीस चोरून विकतो. लाल बनियन घातलेला एक मनुष्य सोट्यानें त्याला पहिला धडा देतो: हातांत सोटा असेल त्याच्यापुढें मान वांकवावी. मग टपाल वाहणाऱ्या स्लेजला तो जुंपला जातो. बर्फांत खड्डा करून निजण्यास, घांस हिसकावून घेण्यास, आणि शेवटीं स्पिट्झ या पुढारी कुत्र्याचा प्राण घेण्यास शिकतो. हॅल व त्याच्या सोबत्यांसारख्या मूर्ख धन्यांच्या हातीं पडून तो मरावयास टेंकतो. जॉन थॉर्नटन त्यास सोडवितो. त्याच्यावरील प्रेमानें बक हजार पौंडांची स्लेज शंभर यार्ड ओढून दाखवितो. थॉर्नटन मारला गेल्यावर माणसाशीं असलेला शेवटचा धागा तुटतो, आणि बक लांडग्यांच्या कळपांत जातो.

पण आम्ही वर्गांत जो भाग वाचून दाखवितों तो यांपैकीं कोणताच नव्हे. डेव्ह नांवाचा एक स्लेजचा कुत्रा असतो. तो आजारी पडतो. हांकणारा दया येऊन त्यास साजांतून मोकळा करतो. त्याबरोबर डेव्ह लंगडत, पडत, आपल्या जागीं जुंपलेल्या दुसऱ्या कुत्र्यावर धांवून जातो, आणि आपल्याच जागेसमोर उभा राहून हालत नाहीं. अखेर त्याला पुन्हा जुंपतात, कारण त्याला तसेंच मरावयाचें आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं बर्फ पाहिलेलें नाहीं. पण म्हातारा बैल दावें सोडतांच आपण होऊन जुवाखालीं मान घालतो हें ज्यांनीं पाहिलें आहे अशीं मुलें प्रत्येक वर्गांत असतात, आणि हा भाग वाचतांना तीं मुलें खालीं पाहूं लागतात. कामानें प्राण्यास एवढें घेरावें कीं कामावांचून त्याला आपलेंपण उरूं नये, ही निष्ठा म्हणावी कीं दुर्दशा? लंडन सांगत नाहीं. तागाच्या गिरणींतून आलेला मनुष्य तें सांगणार नाहींच.

पुढील आयुष्य कीर्तीचें होतें, पण सुखाचें म्हणवत नाहीं. पहिला संसार मोडला. दुसरा विवाह १९०५ सालीं झाला. १९०६ सालीं ‘व्हाइट फँग’ लिहून त्यानें उलट दिशेची, रानांतून घरीं येणाऱ्या प्राण्याची कथा सांगितली. १९०७ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं, निसर्गाचें खोटें चित्र रंगविणाऱ्या लेखकांत त्याची गणना केली. त्यानेंही सडेतोड उत्तर दिलें. स्वतः बांधविलेल्या ‘स्नार्क’ जहाजांतून तो दक्षिण समुद्रांत गेला, मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत राहून आला, आणि शेवटीं स्वतः आजारी पडून परतला. सोनोमा खोऱ्यांत मोठी शेती केली. हौसेनें बांधविलेलें दगडी घर राहावयास जाण्यापूर्वींच १९१३ सालीं जळालें. दारूनें त्यास लहानपणींच धरलें होतें, व त्याविषयीं त्यानें एक प्रांजळ पुस्तकही लिहिलें. पण कबुलीनें व्यसन सुटलें नाहीं. वंशभेदाविषयींचीं त्याचीं कांहीं मतें तर आज वाचवत नाहींत. मूत्रपिंडें निकामी होऊन २२ नोव्हेंबर १९१६ रोजीं तो वारला. वय अवघें चाळीस.

मृत्यूनंतर १९१७ सालीं त्याची ‘मायकेल, ब्रदर ऑफ जेरी’ ही कादंबरी निघाली. रंगमंचावर खेळ करून दाखविणाऱ्या जनावरांस पडद्यामागें कसें शिकवितात, किती छळतात, हें त्यानें तींत उघडें केलें, आणि असा खेळ सुरू होतांच प्रेक्षकांनीं उठून बाहेर जावें अशी वाचकांस विनंती केली. या विनंतीवरून १९१८ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील प्राणिदया मंडळानें जॅक लंडन क्लब काढला. वर्गणी नव्हती, उठून जाण्याचें वचन हीच वर्गणी. सभासदांची संख्या लाखांवर गेली.

आतां चित्रपटांकडे वळूं. लंडनला या कलेचा तिटकारा नव्हता. १९१३ सालीं त्याच्या ‘द सी-वुल्फ’ या कादंबरीचा चित्रपट निघाला त्यांत तो स्वतः क्षणभर दिसला होता. बकची कथा १९२३ सालीं मूकपटांत आली, आणि १९३५ सालीं विल्यम वेलमन यानें बोलपटांत आणली. या दुसऱ्या चित्रपटांत थॉर्नटनचें काम क्लार्क गेबल यानें केलें आहे. बर्फ खरें आहे, कुत्रा देखणा आहे, हजार पौंडांचा प्रसंग उत्तम वठला आहे. परंतु न्यायाधीशाचा मळा नाहीं, चोरी नाहीं, टपालाची स्लेज नाहीं, अर्थात् डेव्हही नाहीं. त्यांऐवजीं थॉर्नटनची एका स्त्रीशीं प्रेमकथा आहे, आणि शेवटीं थॉर्नटन जिवंतच राहतो! मग रानाची हांक ऐकावयाची ती कोणी व कशासाठीं? १९७२ सालच्या चित्रपटांत चार्लटन हेस्टन आहे; तो आपल्या अत्यंत वाईट चित्रपटांपैकीं होय असें पुढें त्यानेंच म्हटलें, आणि आम्हांस त्यांत भर घालावयाची नाहीं. १९९७ चा दूरचित्रवाणीसाठीं काढलेला चित्रपट त्यामानानें साधा. रुटगर हाउअर यांत थॉर्नटन झाला आहे, आणि रिचर्ड ड्रायफस हा नट कथेचें निवेदन करतो. खर्च कमी, देखावा कमी. पण गोष्ट कुत्र्याची आहे हें तो विसरत नाहीं. आम्हांस हाच अधिक आवडतो.

आमच्या वर्गानें पाहिला तो २०२० सालचा. हॅरिसन फोर्ड यांत थॉर्नटन आहे. त्याला मुलाच्या मृत्यूचें दुःख दिलें आहे, व तें त्यानें फार संयमानें दाखविलें आहे. मूळ कथेंत थॉर्नटनला मारणारी यीहॅट जमात लंडननें कल्पनेनें निर्मिली होती. ती काढून टाकली हें योग्यच झालें, कारण खऱ्या आदिवासींवर तो खोटा डाग होता. पण तिच्या जागीं हॅलला खुनी केला आहे. मूळांत हॅल बर्फ फुटून बुडतो. कोणी सूड घेत नाहीं, त्याचा अडाणीपणाच त्याला बुडवितो, आणि त्याबरोबर बिचारे मुके कुत्रेही बुडतात. तें अधिक खरें आहे. येथें स्पिट्झही मरत नाहीं, हरून निघून जातो. मुलांस भीति वाटूं नये म्हणून हें केलें असेल. परंतु बकच्या पंजांना रक्त लागलेंच नाहीं, तर तो लांडग्यांत जातो तो सहलीस गेल्यासारखा जातो.

राहिला त्या लहान मुलीचा प्रश्न. त्याचें उत्तर आम्हांस मिळालें. त्या चित्रपटांतील कुत्रा कुत्राच नव्हता. टेरी नोटरी नांवाचा नट चित्रीकरणाच्या वेळीं बकच्या जागीं हातापायांवर चालत असे, आणि त्यावर संगणकाच्या साहाय्यानें कुत्रा रंगविण्यांत आला. रूप घेतलें तें बकली नांवाच्या एका कुत्र्याचें. बेवारशी कुत्र्यांच्या आश्रयगृहांतून दिग्दर्शकाच्या पत्नीनें त्याला घरीं आणलें होतें. सोटा कोणासही लागला नाहीं. ज्यानें प्रेक्षकांस उठून जावयास सांगितलें तो लंडन या चित्रपटास उठून गेला नसता, हें आम्हांस कबूल करावें लागतें, आणि चित्रपटाविषयींचा आमचा राग तेथें बराच कमी होतो. तरीही पडद्यावरील तो बक भिवया उंचावून माणसासारखा हांसूं लागला कीं आमचें मन पुस्तकाकडे धांवतें. लंडनच्या बकला हांसतां येत नव्हतें. आपण त्याच्या मनांत डोकावावें म्हणून त्यानें कधीं माणसाचा चेहरा केला नाहीं. तें काम लेखकाचें होतें.

शाळा सुरू झाल्यावर आम्हीं हें सर्व त्या मुलीस सांगितलें. बकली आतां सुखांत आहे ना, एवढेंच तिनें विचारलें. भावास डेव्हचा भाग वर्गापुढें मोठ्यानें वाचावयास दिला. त्यानें अर्ध्यावर थांबून पाणी मागितलें, मग शेवटपर्यंत वाचला, आणि हें चित्रपटांत कां नव्हतें, असें विचारून पुस्तक घरीं नेण्याची परवानगी मागितली. तो रोज रात्रीं दोन-तीन पानें वाचून बहिणीस मराठींत सांगतो असें समजतें. पुस्तक अद्याप परत आलेलें नाहीं, आणि बांधणी तिसऱ्यांदा उसवली आहे असा निरोप कालच आला.